ढेकणांच्या जेवणाची सोय

पूर्वी सुरतेत ढेकणांना जेवू घालण्यासाठी माणूस पगारावर ठेवत असत. ही गोष्ट मी कॉलेजात पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती फार गमतीची वाटली होती. आता वाटत नाही.

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. आबा, म्हणजे माझे वडील, सुरतेला पॉवरलूमवर होते आणि मी तिकडे शहाद्याजवळ मामाच्या घरी राहून शिकत होतो. बी.ए. झालो, तेही इतिहासात. आमचे इतिहासाचे सर मोठे भले गृहस्थ. सनावळ्या कोणाच्याच लक्षात राहत नाहीत हे ओळखून ते तासाच्या शेवटी इतिहासातली एखादी चमत्कारिक गोष्ट सांगायचे. परीक्षेला त्यांतली एकही आली नाही, पण माझ्या डोक्यात राहिल्या त्या तेवढ्याच. सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. (माझी बायको कल्पना म्हणते, सर कधी भेटले तर तिलाही त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.)

चमत्कारिक गोष्टीचा स्वभाव असा, की ती पोटात राहत नाही. आबांच्या कारखान्याच्या शेठने नवा बंगला बांधला, त्याच्या भावाच्या बंगल्याला लागूनच आणि एक मजला वर. वास्तूच्या जेवणाला आबा मला मुद्दाम घेऊन गेले आणि 'मना आंडोर बी.ए. शे', म्हणजे माझा मुलगा बी.ए. आहे, असं सांगून शेठसमोर उभं केलं. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, शेठ, ही तर सुरतेची जुनी रीत आहे; इथे इंग्रज आणि डच साहेबांनीसुद्धा एकमेकांवर वरचढ अशा इमारती बांधल्या, घुमटावर घुमट चढवले. शेठ खूश झाले. कोणते बंगले, कुठे आहेत, सगळं विचारू लागले.

"बंगले नाहीत, शेठ," मी म्हणालो. "कबरी."

आबांना पुढच्या कुठल्याच कार्याला बोलावणं आलं नाही.

तरीही घरातली महत्त्वाची बोलणी मीच करायची असा आबांचा दंडक. शिकलेला माणूस घरात असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं म्हणजे घरात ट्यूबलाइट असताना कंदील लावायचा, असं त्यांचं मत. त्यातून आबांना ऐकू कमी येतं. जन्मभर मागांच्या खटाखटीत उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? त्यामुळे मी नक्की काय बोललो हे त्यांना कळत नाही आणि माझ्याबद्दलचा त्यांचा अभिमान आजवर शाबूत राहिला आहे.

मी आता सुरतेतच एका लहानशा मराठी शाळेत समाजविज्ञान शिकवतो. आम्ही नवागामला एका खोलीत राहत होतो. खोलीला दार होतं, खिडकी नव्हती. कल्पना नवागामचीच. बिनखिडकीच्या खोलीत जन्मली आणि लग्न करून मागच्या गल्लीतल्या बिनखिडकीच्या खोलीत आली. ती घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते, आणि भर दुपारी दिवा लावून डोळे बारीक करून बसलेली असते. तिने माझ्याकडे सोनं मागितलं नाही, फिरायला नेण्याचा हट्ट केला नाही. खोलीच्या मालकाने जेव्हा जुनं पाडून नवीन बांधायचं ठरवलं आणि आम्हाला जागा सोडायला सांगितली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कुठंबी चला. खिडकी पाहिजे."

खिडकी मिळेना. घरमालक आधी आडनाव विचारत, मग माणसं मोजत, आणि मग त्यांना आठवे की घर तर कालच भाड्याने गेलं.

त्यात आमचा पलंग. पलंग सागवानी, मायच्या लग्नातला. माय गेल्यापासून आबा दुसरीकडे कुठे झोपत नाहीत. पलंग विकून टाकू असं मी एकदा म्हटलं, तर आबांनी 'जठे पलंग, तठे मी' असं सांगून विषय संपवला. आणि पलंगात ढेकूण होते. लपवण्यात काय अर्थ? आमच्या गल्लीत कोणाच्या पलंगात नव्हते? कल्पना दर रविवारी त्याच्या सांध्यांमध्ये उकळतं पाणी ओतायची. ढेकूण सोमवारपर्यंत सुट्टी घ्यायचे आणि मंगळवारी कामावर हजर व्हायचे.

असं असताना भेस्तानला कंचनबांचं घर रिकामं असल्याचं कळलं. कंचनबा खाली एकट्या राहतात, वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. वर दोन खोल्या, त्यांच्याही वर गच्ची, आणि पुढच्या खोलीला ही एवढी मोठी खिडकी! खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. कल्पनाला त्या दिवशी साड्यांचा गठ्ठा परत द्यायचा होता, म्हणून आबा आणि मी दोघंच गेलो. निघताना तिने मला बजावलं, की गुजरातीत नीट बोला, आणि इतिहास काढू नका.

गुजरातीचं म्हणाल तर मराठीला शेवटी 'छे' लावलं की गुजराती होते, अशी माझी तेव्हा समजूत होती.

कंचनबा झोपाळ्यावर बसल्या होत्या. पांढरी साडी, हातात जपमाळ, बोलणं गोड. त्यांनी पाणी दिलं, आडनाव विचारलं आणि चक्क ऐकून घेतलं. घरात कोण कोण, हे विचारलं. मी, बायको, वडील आणि दोन मुलगे, असं मी सांगितलं. दोन मुलगे ऐकून त्या जरा विचारात पडल्या. मग माळ थांबवून त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो विचारताना त्यांचा आवाज गंभीर झाला.

"भाई, घरमां मांकड तो नथी ने?"

आता मुलांचा विषय चालू होता. घरात माकडं तर नाहीत ना, असं एखादी म्हातारी बाई विचारते तेव्हा तिला काय म्हणायचं असतं हे न कळायला मी काही अडाणी नव्हतो. बाईंना घरात धांगडधिंगा नको होता. खोटं बोलून घर मिळवावं असे संस्कार माझ्यावर नाहीत. मी हसून म्हणालो, "छे ने, बा. बे छे."

बांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बे ज? गणेला छे?"

मोजलेत का, म्हणे! मी म्हणालो, बा, माझेच आहेत, मोजायचे काय त्यात? आबांना माझं हसणं दिसलं, म्हणून तेही हसले आणि त्यांनी दोन बोटं वर केली.

रात्री त्रास देत नाहीत का, असं बांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की रात्रीच जास्त देतात; दिवसभर कुठे असतात पत्ता नसतो, दिवा मालवला की एक इकडून आणि एक तिकडून अंगावर चढतो. बांनी दोन बोटांनी दंडाला चिमटा घेऊन दाखवला, म्हणजे चावतात का? मी म्हणालो, मोठा नाही चावत, त्याचे पुढचे दात पडलेत, पण धाकट्याचा काही भरवसा नाही.

कंचनबांनी झोपाळा पायाने थांबवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तमे एमने मारता तो नथी ने?"

हा प्रश्न मला फार आवडला. आजकाल कोण विचारतं? मी शिक्षक आहे, मी हात उचलत नाही, प्रेमाने समजावतो, असं मी सांगितलं. आणि सत्य बोलायचंच ठरवलं असल्यामुळे पुढे जोडलं, "त्यांची आई मारते कधीमधी. चपलेने. आणि रविवारी कढत पाणी ओतते, तेव्हा फार ओरडतात."

(आमची मुलं आंघोळीला ओरडतात. कोणाची ओरडत नाहीत?)

"नाम पण राख्यां हशे," बा स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या.

"हो ना. ओम आणि सोहम."

बांनी जपमाळ कपाळाला लावली. विचार करून कळवते म्हणाल्या आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला आल्या, पण आमच्यापासून चार हात लांबून. बाहेर आल्यावर आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. घर मिळाल्यात जमा आहे, असं आम्हा दोघांचं एकमत झालं.

घरी येऊन मी कल्पनाला सगळं रंगवून सांगितलं. ती खडे चिकटवता चिकटवता ऐकत होती. मी 'बे छे' पर्यंत आलो आणि तिचा हात थांबला.

"थांबा," ती म्हणाली. "त्या माकड म्हणाल्या का मांकड?"

"तेच ते. जरा नाकात बोलल्या एवढंच."

कल्पनाच्या बोटाच्या टोकाला एक लाल खडा चिकटला होता. ते बोट तिने माझ्यावर रोखलं.

"ओमचे पप्पा, मांकड म्हणजे ढेकूण."

मग तिने मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मी सांगत गेलो आणि वाक्यागणिक माझं मलाच ऐकू येऊ लागलं. आम्ही दोन ढेकूण पाळले आहेत. एकाचे दात पडले आहेत. माझी बायको त्यांना चपलेने मारते. चपलेपाशी आल्यावर कल्पनाने मला थांबवलं आणि म्हणाली, "म्हणजे माझं नावबी घेतलं तुम्ही." भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिने डोळे बारीक केले, दिवा जवळ ओढला आणि पुढची साडी घेतली. मी त्या दिव्याकडे बघत बसलो. शेवग्याचं झाड मीच तिला वर्णन करून सांगितलं होतं, शेंगांसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच तयार झाली. मी सोबत यायचं, पण तोंड उघडायचं नाही, अशी अट. आबा न विचारताच रिक्षात बसले.

दार उघडताच कंचनबा कल्पनाच्या पायांकडे बघायला लागल्या. चपलांकडे बघत होत्या, हे मला नंतर कळलं. कल्पना लहानपणापासून गुजराती बोलते. तिने बाहेरच चपला काढल्या, बांना नमस्कार केला आणि एका दमात सगळा घोटाळा उलगडून सांगितला: आमच्या भाषेत माकड म्हणजे वानर, यांना वाटलं तुम्ही पोरांबद्दल विचारता. आधी कंचनबांच्या खांद्यांना हसू फुटलं, मग पोटाला, आणि शेवटी झोपाळ्याच्या कड्यासुद्धा वाजायला लागल्या. "दांत पडी गया छे!" म्हणत त्या डोळे पुसत होत्या. त्यांनी आतून चहा आणला, खारी आणली. ढेकणांचा प्रश्न त्यांनी का विचारला तेही सांगितलं. त्यांच्या घरात जीव मारत नाहीत. औषध फवारत नाहीत, मुंगीलासुद्धा पीठ घालतात. म्हणून एकदा का ढेकूण घरात शिरले की ते कायमचे, त्यांना बाहेर काढायला मार्गच नाही. बाकी कसली अट नाही.

"तो मांकड नथी ज," बा म्हणाल्या.

"नथी," कल्पना म्हणाली. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिलं. पलंगाचं काय करायचं ते आपण नंतर बघू, असं त्या नजरेत होतं.

बांनी वरची किल्ली तिच्या हातात दिली. आबा खालीच बांपाशी बसले, आम्ही दोघं वर गेलो. कल्पनाने खिडकी उघडली. वारा आला, शेवग्याचा पाला आतपर्यंत डोकावला, आणि तिने डोळे मोठे उघडून बाहेर पाहिलं. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण तिचे डोळे एवढे मोठे आहेत हे मला माहीत नव्हतं.

सगळं जमलं होतं. इथे मी खाली येऊन, खारी खाऊन, नमस्कार करून निघायला हवं होतं.

पण बा जीवदयेबद्दल बोलल्या होत्या, आणि माझ्या पोटात सरांची गोष्ट उड्या मारू लागली. इतकी नेमकी, इतकी सुरतेची, इतकी ढेकणांची गोष्ट आयुष्यात पुन्हा कधी उपयोगी पडणार होती? कल्पना खिडकी लावायला मागे राहिली होती. मी एकटाच खाली आलो आणि म्हणालो, "बा, तुमच्या सुरतेत तर ढेकणांचा दवाखाना होता."

बांनी कान टवकारले. मग मी थांबलो नाही. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इथे आलेल्या गोऱ्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय, की सुरतेत जनावरांचा मोठा दवाखाना होता. म्हातारे बैल, लंगडे घोडे, पंख मोडलेली पाखरं, सगळ्यांची सोय. आणि त्यातच ढेकूण-पिसवांसाठी एक वेगळी जागा. ते उपाशी मरू नयेत म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तिथल्या खाटेवर झोपवत. तो मध्येच पळून जाऊ नये म्हणून त्याला खाटेला बांधत, असंही काहींनी लिहिलंय. (खरं किती आणि तिखट-मीठ किती, ते त्या प्रवाशांनाच ठाऊक, हेही मी सांगितलं. शिक्षक आहे मी.)

कंचनबांच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढी दया, म्हणाल्या. केवढे मोठे लोक होते. त्यांनी आबांकडे बघून हात जोडले, अशा मुलाचे वडील म्हणून.

आबांना वाटलं आता आपण काहीतरी बोललं पाहिजे. "काय म्हनस ती?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने ओरडलो, "ढेकणांबद्दल चाललंय, आबा!"

"हां, हां," आबा खुलले. हा त्यांच्या माहितीतला विषय होता. त्यांनी टोपी काढून झोपाळ्याच्या कडेला ठेवली आणि मागाशेजारी बोलायच्या आवाजात, हिंदीत, कंचनबांना खुलासेवार सांगितलं: पलंग में बहोत है, बाई. हर रविवार को गरम पानी डालते है. मरते है, फिर आते है.

जिन्यात पावलं थांबलेली मला ऐकू आली.

आणि तेवढ्यात आबांच्या टोपीतून एक ढेकूण बाहेर आला. चांगला भरलेला, तांबूस, सावकाश चालणारा. तो टोपीच्या काठावरून उतरून बांच्या झोपाळ्याच्या पांढऱ्या गादीवर आला आणि मधोमध थांबला. (मला ते दृश्य अजून दिसतं. त्याला कसलीच घाई नव्हती!)

कल्पना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती आणि तिने किल्ली मुठीत घट्ट धरली होती. मग ती पुढे आली, ती किल्ली तिने बांसमोर ठेवली आणि म्हणाली की पलंग आमच्या सासूबाईंचा आहे, सासरे तो सोडत नाहीत, मी खोटं बोलले ते खिडकीसाठी. एवढंच. आवाज चढवला नाही, पदर डोळ्यांना लावला नाही.

कंचनबांनी एका कागदावर तो ढेकूण अलगद घेतला. बराच वेळ त्या कधी त्याच्याकडे, कधी आबांकडे, कधी किल्लीकडे पाहत राहिल्या. घर देत नाही म्हणावं, तर ही मंडळी पलंग घेऊन दुसरीकडे जाणार आणि रविवारी पुन्हा उकळतं पाणी. ते पाप आपण माहीत असून होऊ दिलं, असं होणार. देते म्हणावं, तर ढेकूण घरात. हिशेब खरंच कठीण होता.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात एकदम उजेड पडला, आणि मला, का कोण जाणे, थंडी वाजली.

पलंग घरात नाही, गच्चीवर, पत्र्याखाली राहील, असं त्यांनी ठरवलं. आबांनी दिवसा तिथे हवं तेवढं बसावं, पण झोपायचं खाली नव्या गादीवर. गरम पाणी बंद, औषध बंद.

"पण बा," कल्पनाने विचारलं, "मग ते उपाशी मरतील. त्याचं पाप?"

तिने हे भोळेपणाने विचारलं असं ती आजही सांगते.

"मास्तरे कह्युं ने," कंचनबा म्हणाल्या. "माणस सुवाडता हता." मास्तरांनीच सांगितलं ना, माणूस झोपवत असत म्हणून.

मी आबांकडे पाहिलं. या वयात मायच्या आठवणींचा पलंग गच्चीवर जातोय, आता तरी हा माणूस हरकत घेईल. मी त्यांच्या कानात सगळी योजना ओरडून सांगितली. आबांनी ती शांतपणे ऐकली आणि छाती पुढे काढून बांना म्हणाले, "मना आंडोर झोपी तठे. बी.ए. शे तो."

आम्हाला भेस्तानला येऊन आता बरेच दिवस झाले. कल्पना खिडकीत बसून काम करते. डोळे बारीक करत नाही. शेवग्याच्या शेंगा हात लांबवून तोडते आणि आमटीत टाकते. आबा दुपारी पलंगावर बसून मायशी काहीबाही बोलतात. ओम आणि सोहम यांना खाली बा गूळपापडी देतात आणि 'मारा बे मांकड' म्हणून हाक मारतात. आणि रविवारी, पूर्वी ज्या दिवशी पाणी उकळायचं त्याच दिवशी, मी उशी घेऊन गच्चीवर जातो. पहिल्या रविवारी कल्पनाने मागून हाक मारून विचारलं होतं, की कपडे वाळत घालायची दोरी मोकळी आहे, लागेल का?

सोमवारी मी शाळेत उभा राहून फळ्यावर लिहितो आणि दुसऱ्या हाताने पाठ खाजवतो. मुलांना सांगतो, की इतिहासासाठी अनेकांनी आपलं रक्त सांडलं आहे. मुलं मान डोलावतात. त्यांना ते पुस्तकातलं वाटतं.

परवा मी सरांना फोन केला. सर, तुमची ढेकणांच्या दवाखान्याची गोष्ट बहुधा खरी असावी, मी म्हणालो, हे काम माणसाला जमतं. सर फार खूश झाले. आपला एक विद्यार्थी इतिहासात प्रत्यक्ष काम करतोय, याचं त्यांना समाधान वाटलं. फक्त एका बाबतीत मात्र जुनी सुरत शहाणी होती, असं मी त्यांना सांगितलं.

तेव्हा झोपणाऱ्याला पगार मिळायचा. मी भाडं भरतो.